जिनिंग-प्रेसिंगमधील सुरक्षा इनपुट: दुसरा चॅनेल कसा जोडावा आणि पहिला बिघडल्याचे कसे ओळखावे

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या जिल्ह्यांत दिवाळीच्या आगेमागे जिनिंग-प्रेसिंगचे (कापसातून रुई वेगळी करून तिच्या गाठी बांधणारे) कारखाने सुरू होतात आणि कापसाची आवक असेपर्यंत रात्रंदिवस चालतात. प्रेसचे दार उघडे असताना रॅम (गाठ दाबणारा दट्ट्या) हलू नये, ट्रॅम्परखाली (रुई ठासणाऱ्या भागाखाली) चोक, म्हणजे अडकलेली रुई, काढणाऱ्याचा हात असताना ट्रॅम्पर उतरू नये, रुईच्या पट्ट्याजवळची दोरी ओढताच पट्टा थांबावा, यासाठी या यंत्रांवर स्विच बसवलेले असतात. स्विच आहे की नाही एवढे पाहून बहुतेक तपासण्या संपतात. खरा प्रश्न मात्र त्यापुढचा आहे: हा एक स्विच किंवा त्याची एक वायर बिघडली तरी यंत्र थांबेल का, आणि बिघाड झाला आहे हे दुसरा बिघाड होण्याआधी कोणाला कळेल का? या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे, कारण पहिल्या चॅनेलचा (थांबण्याचा संकेत नेणाऱ्या एका स्वतंत्र वाटेचा) बिघाड कळतच नसेल तर दुसरा चॅनेल केवळ खर्च ठरतो.

पुढील मांडणी जिनिंगच्या उदाहरणांनी केली असली तरी अकोल्याकडच्या डाळ मिलला, गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलला किंवा तेलघाणीला ती तशीच लागू पडते. पॅनेलमधील प्रत्येक काम मुख्य आयसोलेटर बंद करून, त्याला कुलूप लावून आणि जाणकार इलेक्ट्रिशियनच्या देखरेखीखालीच करावे.

आधी बिघाड कागदावर मांडा

सुरुवात कॅटलॉगपासून करू नये. एक कोरा कागद घ्यावा, प्रत्येक सुरक्षा इनपुटचे नाव लिहावे आणि त्याच्यासमोर ते कसकसे बिघडू शकते ते लिहावे. विद्युत बाजूला मुख्यतः पाच बिघाड असतात: वायर तुटणे, वायर २४ व्होल्टला चिकटणे, वायर शून्य व्होल्टला किंवा अर्थला लागणे, दोन चॅनेलच्या वायरी एकमेकींना लागणे, आणि कॉन्टॅक्ट वितळून जोडलेलाच राहणे. यांत्रिक बाजूचे बिघाड यापेक्षा जास्त असतात आणि आपल्याकडे तेच अधिक घडतात. स्विचचा रोलर झिजतो, लिव्हर शाफ्टवर सैल होतो, जीभ मोडते, इमर्जन्सी बटणामागचा कॉन्टॅक्ट ब्लॉक बटणापासून सुटून पॅनेलमध्ये लोंबतो आणि बटण दाबूनही काहीच उघडत नाही.

यात आपल्या भागाची म्हणून काही कारणे मिळवावी लागतात. रुईचे तंतू स्विचच्या फटीत दाबून बसतात आणि प्लंजरला परत येऊ देत नाहीत. हंगाम संपल्यावर कारखाना पावसाळाभर बंद राहतो, त्या काळात उंदीर केबल कुरतडतात, दमट हवेने टर्मिनलवर गंज चढतो, आणि ऑक्टोबरमध्ये पहिली गाठ बांधली जाईपर्यंत हे कोणी उघडून पाहिलेले नसते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४५ अंशांवर असतो. तेव्हा पत्र्याच्या शेडमधील पॅनेलच्या आत तापमान आणखी वर जाते, आणि पुष्कळ सेफ्टी रिलेंच्या (सुरक्षा स्विचचे संकेत तपासून यंत्र थांबवणाऱ्या उपकरणांच्या) माहितीपत्रकात चालण्याची कमाल मर्यादा ५५ किंवा ६० अंश दिलेली असते. ही यादी पूर्ण झाल्याशिवाय कोणता स्विच घ्यायचा हे ठरवता येत नाही.

कोणत्या जागी किती भरवसा हवा

यंत्रांच्या सुरक्षा नियंत्रणासाठी आयएसओ १३८४९-१ हे मानक वापरले जाते. त्यात तीन प्रश्न विचारले जातात: इजा किती गंभीर होईल, माणूस त्या जागी किती वेळा जातो, आणि धोका दिसल्यावर त्याला बाजूला होता येईल का. प्रेसच्या दाराचा विचार केला तर इजा हात जाण्याची किंवा जीव जाण्याची आहे, प्रत्येक गाठीला दार उघडावे लागते, आणि रॅम हलू लागल्यावर सुटका जवळजवळ अशक्य आहे. तिन्ही उत्तरे वाईट आल्यामुळे तेथे परफॉर्मन्स लेव्हल ‘ई’, म्हणजे सर्वांत वरची पातळी लागते. क्वचित उघडणाऱ्या देखभालीच्या झाकणासाठी, सुटकेचा मार्ग नसल्यास, ‘डी’ पुरते. इमर्जन्सी स्टॉपसाठी आयएसओ १३८५० किमान ‘सी’ मागते. येथे एक गोष्ट स्पष्ट ठेवावी की इमर्जन्सी बटण हे दाराच्या इंटरलॉकची (दार उघडे असताना यंत्र चालू न देणाऱ्या व्यवस्थेची) जागा घेऊ शकत नाही, कारण ज्याचा हात अडकला आहे त्याला ते दाबता येईलच असे नाही.

याच मानकात रचनेच्या श्रेणी आहेत. श्रेणी १ मध्ये चांगल्या दर्जाचा एकच चॅनेल असतो. श्रेणी ३ मध्ये एका बिघाडाने सुरक्षा जात नाही, पण न सापडलेले बिघाड साचत गेले तर ती जाऊ शकते. श्रेणी ४ मध्ये बिघाड पुढच्या वापराच्या वेळी किंवा त्याआधी सापडतो, आणि न सापडलेले बिघाड साचले तरी सुरक्षा टिकते. या दोहोंतील फरक सापडण्याचा आहे, वायरींच्या संख्येचा नाही. प्रेसच्या दाराला व्यवहारात श्रेणी ४ ची रचना धरावी.

स्विच निवडताना

पहिला नियम जुना आणि सर्वांना माहीत असलेला आहे: सुरक्षेच्या इनपुटला एनसी (एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट वापरावा, म्हणजे वायर तुटली किंवा टर्मिनल सैल झाले तर यंत्र आपोआप थांबते. एनओ (एरवी उघडा) कॉन्टॅक्टवर केलेला इमर्जन्सी स्टॉप वायर तुटल्यावरही बाहेरून ठणठणीत दिसतो, आणि तो नेमका गरजेच्या वेळी काम करत नाही. दुसरा नियम असा की स्विचवर वर्तुळातील बाणाचे चिन्ह असावे. त्याचा अर्थ कॉन्टॅक्ट स्प्रिंगच्या भरवशावर उघडत नसून दाबाच्या बळाने सक्तीने उघडतो, त्यामुळे तो हलका चिकटला असला तरी तुटून वेगळा होतो.

यानंतरचा मुद्दा थोडा सावकाश समजून घ्यावा, कारण चांगल्या कारखान्यांतही येथेच चूक दिसते. बाजारात जिभेचा (दारावरची जीभ आत शिरल्यावर चालणारा) इंटरलॉक स्विच मिळतो, त्यात दोन एनसी कॉन्टॅक्ट असतात आणि दोन चॅनेल मिळाल्याचे समाधान वाटते. पण त्या दोन्ही कॉन्टॅक्टना हलवणारी जीभ एकच असते. दार आपटून किंवा कललेल्या बिजागरीमुळे ती जीभ मोडून स्विचच्या आतच अडकली, तर दार उघडे असतानाही दोन्ही कॉन्टॅक्ट बंदच राहतात. दोन्ही चॅनेल एकसारखेच वागल्यामुळे सेफ्टी रिलेला संशय येण्याचे कारण उरत नाही. म्हणून एकाच यांत्रिक भागावर अवलंबून असलेल्या स्विचने सामान्यतः ‘डी’च्या वरचा दावा करू नये.

प्रेसच्या दारासाठी दोन मार्ग उरतात. एक म्हणजे दोन स्वतंत्र लिमिट स्विच, दोन स्वतंत्र ब्रॅकेटवर, त्यांतील एक दार उघडताना दाबला जाणारा आणि दुसरा दार उघडताना सुटणारा. पहिल्याचा रोलर झिजला किंवा तो निखळला तर तो धोकादायक रीतीने बिघडतो, दुसऱ्याचे तसेच झाले तर यंत्र थांबते; दुसऱ्याचा प्लंजर रुईने अडकला तर तो धोकादायक होतो, पहिला मात्र दाराच्या बळाने उघडतोच. बिघडण्याच्या तऱ्हा वेगळ्या असणे हेच या जोडीचे बळ आहे. दुसरा मार्ग म्हणजे सांकेतिक ओळख असलेला, स्पर्शाविना चालणारा आरएफआयडी स्विच, जो स्वतःचे दोन्ही आउटपुट स्वतः तपासत राहतो. तो महाग आहे, पण त्यात रुई अडकायला फट नसते, म्हणून जिनिंगसाठी मी त्यालाच पसंती देतो. साधा, संकेत नसलेला चुंबकीय रीड स्विच मात्र टाळावा, कारण खिशातल्या कोणत्याही चुंबकाने तो फसवता येतो.

पट्ट्याजवळच्या दोरीच्या स्विचबाबत एकच सांगायचे आहे: दोरी ओढल्यावर तो थांबवतोच, पण दोरी तुटल्यावर किंवा सैल पडल्यावरही त्याने थांबवले पाहिजे आणि हाताने पूर्ववत करेपर्यंत अडकून राहिले पाहिजे. दोरी तुटलेली असताना पट्टा चालू राहत असेल तर तो स्विच सुरक्षेचा नाही.

रॅमचा दाब मोजणाऱ्या चार ते वीस मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरवर काही सुरक्षा अवलंबून असेल तर ३.६ च्या खाली आणि २१ च्या वर गेलेला संकेत बिघाड मानावा, आणि दोन ट्रान्समीटर लावून त्यांच्यातील तफावत तपासावी. चंद्रपूर-कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत बॉयलरच्या महत्त्वाच्या मोजमापांना तीनपैकी दोन अशी मतपद्धती वापरतात, म्हणजे एक मापक बिघडल्याने संच विनाकारण बंद पडत नाही आणि सुरक्षाही जात नाही. थांबल्याने फारसे नुकसान न होणाऱ्या प्रेसला दोनपैकी एकाने थांबवणे पुरेसे आणि सोपे आहे. दोन्ही स्विच उघडले तरच थांबेल अशी जोडणी मात्र कधीही करू नये. तिच्यात स्विच दोन असून एकाच्याही बिघाडाला जागा नसते.

वायरिंग

अनेक जुन्या पॅनेलमध्ये कंट्रोलचा पुरवठा थेट २३० व्होल्टचा असतो. तो बदलून २४ व्होल्ट डीसी करावा, त्याची शून्य बाजू अर्थला जोडावी आणि धन बाजूला फ्यूज किंवा योग्य एमसीबी द्यावा. असे केल्यावर स्विचची वायर कुठे कापून पत्र्याला लागली तर फ्यूज उडतो आणि यंत्र थांबते. शून्य बाजू अर्थला जोडलेली नसेल तर पहिला अर्थदोष गुपचूप राहतो आणि दुसरा अर्थदोष स्विचला वळसा घालून यंत्र चालू ठेवू शकतो.

दोन्ही चॅनेल स्विचपासून रिलेपर्यंत वेगळे ठेवावेत. वाटेत जंक्शन बॉक्समध्ये ‘कॉमन’ वायर वाचवण्यासाठी दोन्ही एकत्र केले तर तेथून पुढे चॅनेल एकच उरतो. सेफ्टी रिले आपल्या दोन टेस्ट आउटपुटमधून वेगवेगळ्या वेळी क्षणभर खंडित होणारे संकेत सोडतो. एक चॅनेल पहिल्या आउटपुटला (‘अ’), दुसरा दुसऱ्याला (‘ब’) द्यावा. कुरतडलेल्या केबलमध्ये दोन्ही वायरी एकमेकींना लागल्या, तर ‘ब’च्या इनपुटवर ‘अ’चा ठोका दिसतो आणि रिले बिघाड जाहीर करतो. दोन्ही चॅनेल एकाच २४ व्होल्टवरून दिले तर हा शॉर्ट दिसत नाही. याला अपवाद आरएफआयडी स्विच किंवा लाइट कर्टनचा (प्रकाशकिरणांच्या पडद्याचा) आहे: ही उपकरणे आपले ठोके आपणच सोडतात, म्हणून त्यांना सतत २४ व्होल्ट द्यावेत आणि रिलेचे टेस्ट आउटपुट त्यांच्या मार्गात आणू नये.

दाराचा स्विच साध्या पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या, प्रोग्राम करता येणाऱ्या नियंत्रकाच्या) इनपुटला जोडून प्रोग्राममध्ये इंटरलॉक लिहिणे ही पद्धत फार पसरलेली आहे, आणि ती सोडून द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. साध्या पीएलसीचा इनपुट ‘चालू’ स्थितीत अडकला तर तो पीएलसीला ओळखता येत नाही. स्विच सेफ्टी रिलेला जोडावा आणि पीएलसीला केवळ माहितीसाठी त्याची प्रत द्यावी.

इनपुटवर केलेली मेहनत आउटपुटला वाया जाऊ नये म्हणून दोन कॉन्टॅक्टर (मोटारचा पुरवठा जोडणारे-तोडणारे स्विच) एकापाठोपाठ लावावेत आणि त्यांचे मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य कॉन्टॅक्ट चिकटला असल्यास न जुळणारे सहायक कॉन्टॅक्ट) रिलेच्या फीडबॅकला परत आणावेत, म्हणजे एक कॉन्टॅक्टर चिकटला तर पुढचा रिसेट होत नाही. हायड्रॉलिक प्रेसमध्ये मोटार बंद केल्याने रॅम थांबतोच असे नाही. साठलेला दाब आणि रॅमचे वजन लक्षात घेऊन सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपेचा) पुरवठाही तोडावा लागतो.

दोन चॅनेलमधील वेळेचा फरक

रिलेमध्ये विसंगतीचा वेळ ठरवता येतो, म्हणजे दोन चॅनेल किती वेळ एकमेकांशी विसंगत राहिले तर बिघाड मानायचा. याविषयी एक गैरसमज जागोजाग ऐकू येतो की हा वेळ वाढवला तर यंत्र उशिरा थांबते. तसे नाही. पहिला चॅनेल उघडताच यंत्र थांबते. हा वेळ फक्त बिघाड जाहीर करण्याचा आहे. इमर्जन्सी बटणाला तो कमी ठेवावा, दाराला अर्धा सेकंद ही सुरुवात ठीक आहे. दार हळू उघडल्यावर वारंवार बिघाड येत असेल तर आधी बिजागरी आणि ब्रॅकेट पाहावेत. दार लोंबल्यामुळे दोन स्विच वेगवेगळ्या क्षणी सुटत असतात. तेव्हा वेळ अमर्याद करून टाकणे म्हणजे दुसऱ्या चॅनेलची राखण काढून घेणे होय.

एका रिलेवर अनेक दारे

खर्च वाचवण्यासाठी तीन-चार दारांचे स्विच मालिकेत जोडून एकाच रिलेला दिले जातात. वरवर पाहता सर्व नियम पाळलेले असतात, तरीही बिघाड लपून राहतो. तो कसा, हे टप्प्याटप्प्याने पाहू. दार एकच्या ‘अ’ चॅनेलचा कॉन्टॅक्ट शॉर्ट झाला आहे असे धरा. कामगार दार एक उघडतो, ‘ब’ उघडतो, ‘अ’ उघडत नाही. यंत्र थांबते, रिले बिघाड धरतो आणि दार लावले तरी रिसेट घेत नाही. इथवर सर्व योग्य आहे. आता कामगार कारण शोधताना दार दोन उघडतो. दार दोनचे दोन्ही कॉन्टॅक्ट चांगले असल्याने ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही उघडतात, दार लावल्यावर दोन्ही जुळतात, रिलेला सर्व ठीक दिसते आणि रिसेट होतो. बिघाड जागेवरच आहे, रिले मात्र तो विसरला. काही दिवसांत शिफ्टमध्ये युक्ती पसरते की मशीन अडले तर दोन नंबरचे दार एकदा उघडून लावावे. यानंतर दार एकचा ‘ब’ कॉन्टॅक्ट बिघडला की दार उघडे असताना रॅम चालतो.

आयएसओ/टीआर २४११९ हा २०१५ चा तांत्रिक अहवाल याच विषयावर होता आणि अशा मालिकेत बिघाड ओळखण्याचे श्रेय किती घ्यावे यावर त्याने मर्यादा घातली होती. माझा सल्ला सोपा आहे: वारंवार उघडणाऱ्या दाराला स्वतंत्र इनपुट द्यावा. मालिका करायचीच असेल तर स्वतःची तपासणी स्वतः करणारे आरएफआयडी स्विच घ्यावेत. आणि अशी युक्ती शिफ्टमध्ये ऐकू आली तर तिला तक्रार समजून त्याच दिवशी त्या दाराचे दोन्ही कॉन्टॅक्ट मोजावेत.

दोन्ही चॅनेल एकाच कारणाने गेले तर

विहिरीवर दोन मोटारी बसवून दोन्ही एकाच स्टार्टरवर चालवल्या, तर स्टार्टर जळाल्यावर पाणी येत नाही. दोन्ही स्विच एका ब्रॅकेटवर असतील तर एका बोल्टने दोन्ही सरकतात. दोन्ही वायरी एका केबलमध्ये असतील तर उंदीर दोन्ही एकदम कुरतडतो. अशा एकाच कारणाने होणाऱ्या बिघाडांविरुद्धच्या उपायांना आयएसओ १३८४९-१ गुण देते आणि श्रेणी २, ३ आणि ४ साठी १०० पैकी किमान ६५ गुण मागते. वायरी वेगळ्या नेल्यास १५, स्विचची जात वेगळी ठेवल्यास २०, विद्युतचुंबकीय बाधा आणि दूषितीकरणापासून संरक्षणास २५ असे त्याचे वजन आहे. आपल्याकडे स्टीलच्या नळीतून केबल नेणे, पॅनेलचे केबल-भोक ग्लँडने बंद करणे आणि पुरवठ्यावर सर्ज अरेस्टर लावणे ही तीन कामे सर्वांत जास्त फळ देतात.

हिशेबाच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. दार तासाला २० वेळा, दिवसात २० तास आणि हंगामात १५० दिवस उघडते असे धरले तर वर्षाला ६०,००० वेळा होते. सक्तीने उघडणाऱ्या स्विचसाठी मानकातील बी-१०-डी मूल्य (१० टक्के स्विच धोकादायक रीतीने बिघडेपर्यंतच्या वापरांची संख्या) २ कोटी घेतले तर धोकादायक बिघाडापर्यंतचा सरासरी काळ ३,३३३ वर्षे येतो. हा आकडा स्विच निर्मात्याने सांगितलेल्या परिस्थितीत, नीट बसवलेला असतानाचा आहे. रुईने गच्च भरलेल्या स्विचला तो लागू नाही.

रिसेट आणि वीज परत आल्यावर

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ ने प्रत्येक कामाच्या खोलीत आणीबाणीत वीज तोडण्याची साधने ठेवायला सांगितले होते. वीज तुटल्यावर काय होते इतकेच ती परत आल्यावर काय होते हेही महत्त्वाचे आहे. ग्रामीण भागात लाइन जाते-येते. लाइन गेल्यावर चोक काढायला माणूस आत शिरतो, आणि लाइन आल्यावर यंत्राने आपणहून हलता कामा नये. रिसेट हाताने, आतील जागा पूर्ण दिसेल अशा ठिकाणी आणि आतून हात पोहोचणार नाही अशा अंतरावर असावा. रिलेने बटण सोडल्यावर रिसेट घ्यावा, दाबल्यावर नाही. म्हणजे काडी खुपसून दाबलेले ठेवलेले किंवा चिकटलेले बटण आपोआप रिसेट करू शकत नाही. रिसेटनेही यंत्र सुरू होऊ नये, त्यासाठी स्टार्ट वेगळा द्यावा.

चाचणी

सुरू करण्यापूर्वी आणि दर हंगामाच्या आरंभी प्रत्येक इनपुटवर बिघाड मुद्दाम निर्माण करून पाहावा. हे करताना मोटार आणि हायड्रॉलिकचा पुरवठा कुलूपबंद ठेवून फक्त कंट्रोलचा पुरवठा सुरू ठेवावा. ‘अ’ची वायर काढावी: रिलेचे आउटपुट गेले पाहिजे आणि वायर परत लावल्यावर, दोन्ही चॅनेल एकत्र उघडल्याशिवाय, रिसेट झाला नाही पाहिजे. तेच ‘ब’चे. मग फ्यूज योग्य आहे याची खात्री करून ‘अ’ला २४ व्होल्टचा लूप (जोडवायर) द्यावा आणि दार उघडावे. शेवटी ‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांना जोडावेत. या दोन्ही वेळी रिलेने बिघाड धरला पाहिजे. मालिकेतील प्रत्येक दारासाठी ही सगळी क्रिया स्वतंत्रपणे करावी. प्रत्येक लूपला लाल चिठ्ठी बांधावी आणि कामानंतर चिठ्ठ्या मोजून घ्याव्यात.

जे दार क्वचितच उघडते त्याचा बिघाड कोणी दार उघडेपर्यंत सापडतच नाही. म्हणून ‘ई’ पातळीच्या दारांसाठी किमान महिन्यातून एकदा आणि ‘डी’साठी किमान वर्षातून एकदा हाताने दार उघडून चाचणी घ्यावी असे आयएसओ १४११९ हे दारांच्या इंटरलॉकचे मानक सांगते. जिनिंगमध्ये वर्षातून एकदाची चाचणी हंगाम संपताना न घेता सुरू होण्याआधी घ्यावी, कारण पावसाळ्यातील गंज आणि उंदीर मधल्या काळातच आपले काम करून जातात.

बिघाड ओळखणारी रचना स्वतःहून यंत्र अडवते, आणि दारात कापसाच्या गाड्यांची रांग असताना अडलेले यंत्र कोणालाच परवडत नाही. अशा वेळी स्विचला लूप मारून काम काढले जाते आणि तो लूप मार्चपर्यंत तसाच राहतो. यावर बंदीचा फलक पुरत नाही. दुरुस्ती लूपपेक्षा लवकर झाली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक दाराचा स्वतंत्र बिघाड-दिवा पॅनेलच्या दर्शनी भागावर असावा, टर्मिनलवर वाचता येणारे फेरूल (वायरीवरच्या क्रमांकाच्या नळ्या) असावेत, वायरिंगचा खरा नकाशा पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला असावा, आणि प्रेसवरील प्रत्येक प्रकारचा एक स्विच, एक इमर्जन्सी कॉन्टॅक्ट ब्लॉक व एक सेफ्टी रिले स्टोअरमध्ये असावा. हा रिले कॉन्फिगर करावा लागणारा असेल तर त्यात चालू कॉन्फिगरेशन आधीच भरून ठेवावे, त्यावर तारीख लिहावी, आणि मूळ रिलेमध्ये बदल केला की सुटा रिलेही त्याच दिवशी बदलावा.